तांबं दिसलं म्हणून रोमन नाणं बनावट ठरत नाही

रोमन नाण्यांबद्दल एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय: चांदी उडून खालचं तांबं दिसलं, की नाणं बनावट. या समजापायी कितीतरी अस्सल नाणी लोक मोडीत काढतात, म्हणून हा खुलासा.

सम्राट काराकाल्लाने इ.स. २१५ मध्ये अँटोनिनियानस हे नवं नाणं काढलं. ओळखायला सोपं, कारण त्यावरच्या सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट असतो. सुरुवातीला त्यात साधारण निम्मी चांदी होती. पण युद्धं थांबेनात, सैन्याचे पगार तर द्यायलाच हवेत. टांकसाळी चांदी कमी करत गेल्या. सम्राट गॅलिएनसच्या शेवटच्या वर्षांत आणि त्याच्यानंतर आलेल्या दुसऱ्या क्लॉडियसच्या काळात ती पाच टक्क्यांच्याही खाली घसरली. या काळातली बरीच नाणी सरकारी टांकसाळीतूनच चांदीचा अगदी पातळ थर घेऊन बाहेर पडली. हाताळून तो थर झिजणारच. २७४ च्या सुमारास सम्राट ऑरेलियनने नाणी सुधारली, तरी त्यांतही चांदी जेमतेम पाच टक्के.

मग हा समज आला कुठून? त्याआधीच्या काळातला, पहिला रोमन सम्राट ऑगस्टसचा देनारियस (रोमन चांदीचं नाणं) जवळजवळ शुद्ध चांदीचा. त्याच्या आत तांबं निघालं, तर संशय रास्तच आहे. त्या काळीही भामटे तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा चढवून नाणी पाडत. तो पत्रा कडेला फाटलेला किंवा फुगलेला दिसतो.

तेव्हा आधी नाण्यावर सम्राट कोणता ते पाहा. आणि लिंबू-चिंच लावून घासू नका. उरलासुरला थरही जाईल.