मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता चाचणी

मोठे आतडे, गुदाशय, जठर, लहान आतडे अशा पचनमार्गाच्या कर्करोगांत पेशींची डीएनए-दुरुस्ती बंद पडली आहे का, हे गाठीच्या तुकड्यावरून पाहणारी प्रयोगशाळा तपासणी. डॉक्टर तिला 'एमएसआय' म्हणतात. रिपोर्टवर 'एमएमआर' (मिसमॅच रिपेअर, म्हणजे हीच डीएनए-दुरुस्ती) असेही लिहिलेले असते.

डीएनएत काही ठिकाणी एकच अक्षर किंवा दोन-चार अक्षरांचा गट सलग अनेकदा येतो. या जागा म्हणजे मायक्रोसॅटेलाइट. पेशी दुभंगताना नक्कल करणारे विकर नेमके इथेच घसरते आणि एखादे अक्षर कमी किंवा जास्त पडते. ती चूक एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ या प्रथिनांची यंत्रणा दुरुस्त करते. यंत्रणा निकामी झाली की चुका साचत जातात.

तपासणीचा नेहमीचा मार्ग इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचा, म्हणजे 'आयएचसी'चा. चारही प्रथिनांसाठी स्लाइड रंगवतात. प्रथिन असेल तर पेशीकेंद्र तपकिरी दिसते. एमएलएच१ गेले की त्याच्या आधाराने टिकणारे पीएमएस२ही जाते, एमएसएच२ गेले की एमएसएच६. त्यामुळे कोणती जोडी गायब आहे, यावरून दोष कुठे असावा ते कळते. गाठीशेजारच्या निरोगी लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी मात्र तपकिरी दिसल्याच पाहिजेत. त्याही कोऱ्या असतील तर रंगवणेच फसले आहे, आणि अशा स्लाइडवर निदान देऊ नये.

दुसरा मार्ग पीसीआरचा, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्यांच्या भरपूर प्रती काढून ते तपासण्याचा. बॅट-२५, बॅट-२६ यांसारख्या पाच जागांची लांबी गाठीत आणि त्याच रुग्णाच्या निरोगी ऊतीत मोजतात. दोन किंवा अधिक जागी फरक आढळला तर 'एमएसआय-हाय', म्हणजे अस्थिरता जास्त. एकाच वेळी अनेक जनुके वाचणाऱ्या एनजीएस तपासणीतूनही हा निष्कर्ष मिळतो.

नाशिकमध्ये पेठ, सुरगाणा, कळवण, मालेगावकडचे रुग्ण उपचारांसाठी येतात. शस्त्रक्रिया शहरात होते, पण अशा विशेष तपासण्यांसाठी मेणाचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) अनेकदा मुंबई-पुण्याला जातो. नीट बनवलेला ब्लॉक या प्रवासाने बिघडत नाही. बिघाड होतो तो त्याआधी, शस्त्रक्रियागृहात. काढलेले आतडे न उघडता फॉर्मलिनमध्ये तसेच सोडले तर द्रव आतवर पोचत नाही, प्रथिने नासतात आणि स्लाइड फसवी येते. नमुना लगेच उघडून पुरेशा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये ठेवावा. ६ ते ७२ तास हा सर्वमान्य अवधी आहे. गुदाशयाच्या गाठीला आधी किमो-रेडिएशन दिले असेल तर एमएसएच६चा रंग फिका पडू शकतो. म्हणून उपचारांपूर्वीच्या बायोप्सीचा ब्लॉक अधिक भरवशाचा. रुग्णाच्या नातेवाइकांनी तो जपून ठेवावा, फाइलमधल्या कोणत्याही कागदाइतकाच तो मोलाचा आहे.

मोठ्या आतड्याच्या सुमारे १५ टक्के कर्करोगांत ही अस्थिरता आढळते. दूर पसरलेल्या आजारात प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या टप्प्यात असा आजार तुलनेने सौम्य वागतो आणि फ्लुरोयुरासिल या एकट्या किमो औषधाचा लाभ दिसत नाही. पसरलेल्या आजारात मात्र इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारे उपचार, उपयोगी पडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपी औषधाला कर्करोग कोणत्या अवयवाचा हे न पाहता या खुणेवर मान्यता दिली. औषध महाग आहे, तरी ते चालेल की नाही हे आधी कळणे हीच मोठी गोष्ट.

बहुतेक रुग्णांत कारण वयपरत्वे एमएलएच१ जनुकाला लागलेले मिथिलेशनचे, म्हणजे जनुक बंद करणाऱ्या रासायनिक खुणेचे, कुलूप असते. गाठीत बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा बदल सापडला तर आजार आनुवंशिक असण्याची शक्यता फारच कमी. उरलेल्यांत लिंच सिंड्रोमचा, म्हणजे दुरुस्तीच्या जनुकातल्या आनुवंशिक दोषाचा, शोध घ्यावा लागतो. मोठ्या आतड्याच्या सुमारे ३ टक्के कर्करोगांमागे तो असतो आणि प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के.

इथे ओपीडीतली चौकशी महत्त्वाची. 'मामाला पोटाचा आजार होता', 'आईची पिशवी काढली होती' एवढेच घरात ठाऊक असते. लिंच सिंड्रोममध्ये गर्भाशयाचाही कर्करोग होतो, त्यामुळे पिशवी का काढली हे विचारलेच पाहिजे. रक्त तपासून दोष पक्का झाला तर भावंडांना व सज्ञान मुलांना समुपदेशन करून तपासतात. एमएलएच१ किंवा एमएसएच२चा दोष असणाऱ्यांची कोलोनोस्कोपी साधारण २० ते २५व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी करतात.