ब्लू-रेला टूथपेस्ट का लावू नये?

मागच्या आठवड्यात शेजारचे सर हातात एक डिस्क घेऊन आले. निवृत्त शिक्षक, गंगापूर रोडला आमच्याच इमारतीत राहतात. जावयाने त्यांना यूएसबीला जोडायचा ब्लू-रे ड्राइव्ह आणि एका चित्रपटाची ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीसारखीच पण कितीतरी जास्त माहिती मावणारी डिस्क, आणून दिली होती, पण कॉम्प्युटरवर ती काही लागेना. "सीडीचा ओरखडा घालवायला चोळतात तशी टूथपेस्ट चोळून पाहिली, तरी नाही. सोनीने ब्लू-रे बंद केल्याचं पेपरात आलं होतं, त्यामुळे असेल का हो?"

बातमी खरी, पण अर्धी. सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये घरी लिहायच्या कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. चित्रपटांच्या छापील डिस्कशी त्याचा संबंध नाही. टूथपेस्टचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ती का लावू नये हे समजलं की ब्लू-रे म्हणजे काय हेच समजतं.

डिस्कवर चकलीसारखी आतून बाहेर जाणारी एक वाट असते आणि त्या वाटेवर सूक्ष्म खळगे. लेझरचा ठिपका वाटेवरून सरकतो. खळग्याची खोली अशी ठरवलेली असते की तळावरून परतणारी लहर काठावरून परतणाऱ्या लहरीच्या साधारण अर्धी लहर मागे पडते. दोन्ही एकमेकींना मारतात आणि परतलेला प्रकाश मंदावतो. उजेडातला हा चढउतार म्हणजेच आपला चित्रपट.

आता माझा आवडता भाग. बोरूने लिहिलं तर पानावर दहा ओळी बसतात, बारीक टाकाने तीस. डिस्कवरचा टाक म्हणजे लेझरचा ठिपका. पण प्रकाश ही लहर असल्यामुळे ठिपका हवा तितका बारीक करता येत नाही. त्याची रुंदी ढोबळमानाने दोन आकड्यांच्या भागाकारावर ठरते: वर प्रकाशाची तरंगलांबी आणि खाली भिंगाचं न्युमरिकल अपर्चर, म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश एकवटतं त्याचं माप. सीडीसाठी हे आकडे 780 नॅनोमीटर आणि 0.45, डीव्हीडीसाठी 650 आणि 0.6, ब्लू-रेसाठी 405 आणि 0.85. भागाकार करून पाहा. डीव्हीडीचा येतो 1083, ब्लू-रेचा 476. ठिपका रुंदीला सव्वादोन पटींहून लहान, म्हणजे क्षेत्रफळाला सुमारे 5.2 पट लहान. डीव्हीडीच्या एका थरात 4.7 जीबी मावतात. त्याला 5.2 ने गुणलं की येतात 24.4. ब्लू-रेच्या एका थराची क्षमता आहे 25 जीबी! वहीत हा हिशोब पहिल्यांदा जुळला तेव्हा मी तो दोनदा तपासला होता. (सीडी ते डीव्हीडी हा हिशोब एवढा चोख जुळत नाही. तिथे बरीचशी वाढ खळगे दाटीने बसवल्याने आणि चुका दुरुस्त करण्याची पद्धत सुधारल्याने मिळाली.)

नाव ब्लू असलं तरी 405 नॅनोमीटरचा प्रकाश खरं तर जांभळा. तो देणारा छोटा लेझर 1990 च्या दशकात गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकापासून बनवता आला, त्यात शुजी नाकामुरा या जपानी शास्त्रज्ञाचं काम मोठं. निळ्या एलईडीसाठी त्यांना आकासाकी आणि आमानो यांच्यासह 2014 चं नोबेल मिळालं.

ब्लू-रेवरच्या दोन शेजारच्या वाटांमध्ये अंतर अवघं 0.32 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ती चकली उलगडून सरळ केली तर साधारण 27 किलोमीटर भरते, म्हणजे नाशिकहून जवळपास त्र्यंबकेश्वरपर्यंत.

पण रुंद कोनाची किंमत मोजावी लागते. डिस्क किंचित तिरकी झाली की ठिपक्याला शेपूट फुटतं, त्याला कोमा म्हणतात. हा दोष अपर्चरच्या घनाच्या आणि वरच्या प्लास्टिकच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो, आणि तरंगलांबी कमी झाली की आणखी वाढतो. म्हणून जाडी डीव्हीडीच्या 0.6 वरून 0.1 मिलिमीटरवर आणली. गणित मांडा: घनामुळे 2.8 पट वाढ, तरंगलांबीमुळे 1.6 पट, जाडीमुळे सहापट घट. एकूण दोष डीव्हीडीपेक्षा थोडा कमीच.

सरांची टूथपेस्ट इथे येते. सीडीच्या पृष्ठभागावर लेझरचा झोत सुमारे 0.7 मिलिमीटर रुंद असतो, त्यामुळे धुळीचा कण त्याचा थोडासाच भाग अडवतो. शिवाय प्लास्टिक 1.2 मिलिमीटर जाड, घासून ओरखडा सपाट करायला वाव असतो. ब्लू-रेवर हाच झोत पृष्ठभागापाशी 0.12 मिलिमीटरच्या आसपास. तेवढाच कण आला तर वाट बंद. म्हणून त्यावर कठीण लेप दिलेला असतो, आणि टूथपेस्टमधली खरखरीत पूड नेमकी तोच खरवडते. ब्लू-रे कोरड्या मऊ फडक्याने पुसावी, मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल फिरवून पुसलं आणि चरा पडला तर तो वाटेच्या दिशेनेच जातो आणि सलग माहिती खातो. आडवा चरा प्रत्येक फेरीत थोडीच माहिती खातो, ती दुरुस्त होते.

सरांनी सुदैवाने हलकं चोळलं होतं. डिस्क ठीक होती, अडचण कुलपाची होती. चित्रपटाच्या डिस्कवर एएसीएस नावाचं कूटबंधन असतं, त्याची किल्ली परवानाधारक सॉफ्टवेअरकडेच असते. विंडोजमध्ये ते आयतं येत नाही, वेगळं विकत घ्यावं लागतं आणि अद्ययावत ठेवावं लागतं. मॉनिटर एचडीसीपी, म्हणजे केबलमधून जाणाऱ्या चित्राची नक्कल रोखणारं कुलूप, मानणारा हवा. 4के, म्हणजे आणखी बारकाव्याच्या चित्राच्या डिस्कसाठी तर प्रोसेसरमध्ये एसजीएक्स ही गुप्त माहिती वेगळी जपण्याची सोय लागते, आणि इंटेलने ती 11 व्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून काढून टाकली. म्हणजे नवा कॉम्प्युटर घेतल्याने काम अडू शकतं.

सॉफ्टवेअर टाकल्यावर चित्रपट लागला. मग सरांनी खरा प्रश्न काढला: घरचं चित्रण कशावर ठेवू?

पेनड्राइव्हमध्ये माहिती म्हणजे कोंडलेले इलेक्ट्रॉन, ते हळूहळू गळतात आणि उष्णतेत लवकर गळतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये बंद कपाटात वर्षानुवर्षं ठेवायची ती वस्तू नाही. हार्ड डिस्क स्वस्त, पण तिचे फिरते भाग बिघडतात. लिहायच्या डीव्हीडीत सेंद्रिय रंगाचा थर असतो, तो उजेडाने आणि ओलाव्याने खराब होतो. बऱ्याच लिहायच्या ब्लू-रेत अजैविक थर असतो, तो जास्त टिकाऊ. पाकिटावर एलटीएच लिहिलेली घेऊ नका, ती रंगाच्या थराची. माझं मत स्पष्ट आहे: दोन हार्ड डिस्क, एक ब्लू-रे, आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या घरी. वर्षातून एकदा उघडून बघायचं. त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या बहुतेक चित्रपटांची रिळं आज उरलेली नाहीत. दुसरी प्रत असती तर, हे मला राहून राहून वाटतं.

सर वर जाऊन 2015 च्या सिंहस्थाची डीव्हीडी घेऊन आले. खिडकीजवळच्या शोकेसमध्ये ठेवलेली, घरच्याच कॉम्प्युटरवर लिहिलेली. रामकुंडावर त्यांच्या आई शेवटच्या आल्या होत्या त्या दिवसाचं चित्रण. कॉपी करायला लावलं, सुरुवात व्यवस्थित गेली. पण वाट आतून बाहेर जाते, शेवटचं चित्रण कडेला लिहिलेलं असतं, आणि बिघाड बहुधा कडेकडून आत येतो. शेवटची सात मिनिटं ड्राइव्हला वाचता आली नाहीत. बाकीचं आता दोन हार्ड डिस्कवर आहे.