प्रोग्राम लिहिणारा प्रोग्राम आणि पाऊण इंची कपलिंग

"संगणक आता स्वतःच प्रोग्राम लिहितो म्हणे, मग मुलाला ही शाखा घ्यायला लावू की नको?" असा प्रश्न बेळगावात हल्ली प्रवेशाच्या दिवसांत हमखास कानावर येतो आणि या करामतीचे सगळे श्रेय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या खात्यावर जमा होते. वस्तुतः प्रोग्रामने प्रोग्राम लिहिणे ही फार जुनी गोष्ट आहे. ग्रेस हॉपर यांच्या १९५२ सालच्या 'ए-झिरो' प्रणालीला क्रमांक पुरवले, की ती टेपवर साठवलेले तयार तुकडे जोडून पूर्ण प्रोग्राम उभा करीत असे. १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी तयार केलेल्या 'याक'ला एखाद्या भाषेचे व्याकरण दिले, की ती भाषा वाचणारा प्रोग्राम तो सी भाषेत लिहून देई. आपल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या, यंत्रावर एखादा गुंतागुंतीचा भाग कापायचा असेल, तर त्या सूचनांची यादी, म्हणजे जी-कोडसुद्धा बहुधा आराखड्यावरून दुसरा प्रोग्रामच काढून देतो.

हे काम किती नाजूक असते, याचा धडा मला एका पाऊण इंची कपलिंगने दिला. हायड्रॉलिक्सचे सुटे भाग बनवणाऱ्या ओळखीच्या एका कारखान्यासाठी, भागांच्या यादीवरून जावा भाषेतील फायली तयार करणारा छोटा प्रोग्राम मी लिहिला होता. त्याची रीत साधी होती: यादीतले नाव उचलायचे, त्याच्या दोन्ही बाजूंना दुहेरी अवतरणचिन्ह लावायचे, शेवटी अर्धविराम द्यायचा आणि ओळ फायलीत टाकायची. सुरुवातीची नावे सुरळीत पार पडली आणि मग यादीत 'कपलिंग ३/४"' ही नोंद आली. वर्कशॉपमध्ये इंच दाखवण्यासाठी आकड्यापुढे जे चिन्ह काढतात, तेच चिन्ह जावामध्ये मजकूर संपल्याची खूण असते. त्यामुळे कंपायलरने, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल अशा रूपात उतरवणाऱ्या प्रोग्रामने, मजकूर इंचाच्या चिन्हापाशीच संपला असे धरले, त्यापुढचे खरे शेवटचे अवतरणचिन्ह ही नव्या मजकुराची सुरुवात मानली आणि हा दुसरा मजकूर मिटलेलाच नाही, अशी तक्रार केली. चूक माझ्या प्रोग्रामची होती, पण कंपायलर बोट दाखवत होता त्या प्रोग्रामने लिहिलेल्या फायलीकडे, आणि म्हणून ती शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

अशा कामासाठी तयार लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रामात वापरता येणारे आयते संच, मिळतात. जावासाठी स्क्वेअर या कंपनीने काढलेली 'जावापोएट' ही त्यांपैकी मला विशेष आवडणारी. तिच्या साच्यात रिकाम्या जागा नुसत्या रिकाम्या नसतात, तर तिथे काय बसणार आहे, हे आधी सांगावे लागते. डॉलरच्या चिन्हापुढे एस लिहिला, तर तिथे मजकूर येणार; लायब्ररी त्याला अवतरणचिन्हे स्वतः लावते आणि आतल्या इंचाच्या चिन्हामागे तिरपी रेघ देऊन त्याचा अर्थ बदलू देत नाही. डॉलरपुढे एल लिहिला, तर दिलेली गोष्ट जशीच्या तशी बसते. आणि टी लिहिला, तर तिथे एखाद्या प्रकाराचे, म्हणजे क्लासचे, नाव येणार असते.

खरी गंमत या टी-मध्ये आहे. जावामध्ये 'डेट' नावाचे दोन क्लास आहेत, एक 'युटिल' या पॅकेजमधला, म्हणजे क्लासांच्या गटातला, आणि दुसरा 'एसक्यूएल'मधला. एकाच नावाची दोन गावे असली, की बसचा कंडक्टर "खानापूरकडचं की बेळगावकडचं?" असे विचारतो, तसाच हा पेच आहे. दोन्ही डेट एकाच फायलीत वापरायचे असतील, तर एकाला फायलीच्या माथ्यावर आयात करून पुढे आखूड नावाने हाक मारता येते, पण दुसऱ्याचे नाव प्रत्येक वेळी पॅकेजसकट पूर्ण लिहावे लागते. आता अडचण अशी, की आयातीच्या ओळी फायलीच्या सुरुवातीला येतात, आणि कोणकोणते क्लास लागणार, हे तर फाईल शेवटपर्यंत लिहिल्याखेरीज कळत नाही. जावापोएट म्हणून संपूर्ण फाईल दोनदा लिहिते. पहिल्या खेपेला ती लिहिलेले प्रत्येक अक्षर फेकून देते आणि वाटेत भेटलेल्या प्रकारांची फक्त नोंद ठेवते. त्या नोंदीवरून आयातीची यादी ठरते आणि दुसऱ्या खेपेला फाईल खरोखर लिहिली जाते. आपल्यापैकी किती जण अर्जाचा मसुदा पुरा लिहून, फाडून, मग पक्का अर्ज लिहितात?

तरीही जावापोएट निम्म्या वाटेवर थांबते. फाईल, क्लास आणि क्लासमधली एकेक क्रिया, म्हणजे मेथड, हा सांगाडा तिला समजतो, पण मेथडच्या पोटातली गणिते तिच्या लेखी मजकूरच असतात. समजा, 'क्ष × ४' या साच्यात क्षच्या जागी '२ + ३' बसवायचे आहे. अक्षरे चिकटवली, तर '२ + ३ × ४' तयार होते आणि गुणाकार आधी होत असल्यामुळे उत्तर २० ऐवजी १४ येते. कंपायलर मात्र एका शब्दानेही कुरकुरत नाही. यावरचा उपाय म्हणजे शाळेतले वाक्यपृथक्करण. राशी अक्षरांच्या ओळीऐवजी झाडासारखी मांडायची: वर गुणाकार, त्याच्या एका फांदीवर बेरीज, दुसऱ्या फांदीवर ४. पायथॉन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेच्या 'एएसटी' या भागात अशी झाडे बांधता येतात आणि ३.९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, 'अनपार्स' ही क्रिया त्या झाडावरून पुन्हा मजकूर उतरवून देते. गुणाकाराखाली बेरीज दिसली, की ती कंस स्वतः घालते. मात्र तुम्ही आधी लिहिलेल्या टिपा त्या झाडात नसतात, त्यामुळे त्या परत मिळत नाहीत.

खंडेनवमीला लेथवर आणि संगणकावर झेंडू वाहिला जातो, त्यामागची कृतज्ञता मी समजू शकतो. पण प्रोग्राम चालेना म्हणून सर्व्हरच्या खोलीला लिंबू-मिरची बांधणे आणि 'एआयने लिहिले आहे, म्हणजे बरोबरच असणार' असे म्हणणे, यांत मला फारसा फरक दिसत नाही. इंचाचे चिन्ह निसटायचे असेल, तर ते दोन्हीकडून निसटते.

आता त्या कारखान्याच्या फायली जावापोएट लिहिते आणि प्रत्येक फायलीच्या पहिल्या ओळीत 'ही फाईल यंत्राने तयार केली आहे, हाताने बदलू नये' अशी सूचना मी मुद्दाम घातली आहे. तरीही गेल्या महिन्यात तिथल्या एका मुलाने एका भागाचे चुकलेले माप थेट फायलीतच दुरुस्त केले. यादीत मात्र जुनेच माप राहिले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्राम पुन्हा चालला तेव्हा त्याने तेच माप इमानेइतबारे परत लिहून ठेवले.