सेंट्रोमियरचे एपिजेनेटिक नियंत्रण

गुणसूत्राच्या बारीक झालेल्या कंबरेला सेंट्रोमियर (गुणसूत्रबिंदू) म्हणतात. पेशी विभागताना तर्कुतंतू इथेच जोडले जातात आणि गुणसूत्राच्या दोन प्रती दोन कन्यापेशींकडे ओढल्या जातात. माणसात इथे १७१ बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांचा) ‘अल्फा सॅटेलाइट’ हा तुकडा, थोड्याफार फरकाने, हजारो वेळा एकामागोमाग येतो.

हा क्रम सेंट्रोमियरची जागा ठरवत असेल, असे कोणालाही वाटेल. पण १९९३ साली मेलबर्नच्या संशोधकांना दहाव्या गुणसूत्राच्या एका बदललेल्या प्रतीत अल्फा सॅटेलाइट नसतानाही काम करणारे सेंट्रोमियर सापडले. जागेची खरी खूण म्हणजे सेन्प-ए हे प्रथिन. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांतल्या एच-३ ची जागा इथे ते घेते. डीएनए दुप्पट होताना जुने सेन्प-ए दोन्ही प्रतींत वाटले जाते आणि विभाजनानंतर त्याच ठिकाणी नव्याची भर पडते. जनुकांची अक्षरे न बदलता वारसा पुढे जाण्याचे, म्हणजेच ‘एपिजेनेटिक’ वारशाचे, इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल. हे प्रथिन १९८५ मध्ये हाती लागले ते त्वचा कडक करणाऱ्या स्क्लेरोडर्मा या आजाराच्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडांमुळे.

२००३ मध्ये मानवी जनुकसंच वाचून झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा सेंट्रोमियर कोरेच राहिले होते. एकाच ठशाने छापलेल्या कापडाच्या चिंध्या जुळवाव्यात, तसे ते काम होते. लाखभर बेसजोड्या सलग वाचणारी तंत्रे आली, तेव्हा कुठे २०२२ मध्ये ‘टेलोमियर-टू-टेलोमियर’ गटाने उरलेला सुमारे ८ टक्के भाग पूर्ण केला. त्यासाठी द्राक्षगर्भापासून (बाळ न वाढणाऱ्या सदोष गर्भधारणेतून) मिळालेल्या पेशी वापरल्या. त्यांत गुणसूत्रांच्या दोन्ही प्रती जवळजवळ एकसारख्या असल्याने गोंधळ टळला. यांपैकी नॅनोपोअर तंत्रात डीएनएवरचे मिथिल गट (त्याला चिकटणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा) त्याच वाचनात ओळखता येतात. त्यातून दिसले की अल्फा सॅटेलाइटचा सक्रिय पट्टा मिथिल गटांनी भरलेला असतो, फक्त सेन्प-ए बसते तिथे त्यांचे प्रमाण एकदम खाली येते. ही खाच सगळ्या माणसांत एकाच ठिकाणी नसते.

शेजारच्या सॅटेलाइट डीएनएवरचे मिथिल गट नाहीसे झाले तर काय होते, हे आयसीएफ या दुर्मीळ आनुवंशिक विकारात दिसते. त्याच्या एका प्रकारात, मिथिल गट बसवणाऱ्या प्रथिनाच्या डीएनएमटी-३बी या जनुकात दोष असतो. १, ९ आणि १६ क्रमांकांची गुणसूत्रे सेंट्रोमियरलगत सैल पडून एकमेकांत गुंततात आणि प्रतिपिंडांच्या कमतरतेमुळे मुलांना वारंवार जंतुसंसर्ग होतो.