आरतीतला ‘टक्’

गेल्या चवथीला फोंड्याच्या घरी घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरत्या रंगल्या होत्या आणि मी कोपऱ्यात एक छोटा रेकॉर्डर लावून ठेवला होता. एका आरतीत ऐन ध्रुवपदावर कुणाचा तरी फोन वाजला. ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतंच, तेव्हा फोनवालं एक काढून पुढचं मागच्याला जोडलं की झालं, असा माझा हिशेब. भाच्यानं लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर घालून दिलं आणि तो देखावे बघायला पळाला.

सॉफ्टवेअर नवं, त्यातली निम्मी बटणं कशाला आहेत ते कळेना. पण कापणं सोपं वाटलं. नको तो तुकडा माउसनं निवडला, डिलीट दाबलं, ऐकलं. जोडावर स्वच्छ ‘टक्’! पुन्हा केलं. पुन्हा टक्. कापाच्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे निखळ गाणं होतं, मग हा तिसरा आवाज आला कुठून?

जोडाची जागा मोठी करत नेली, तेव्हा सलग वाटणारी निळी रेघ ठिपक्यांची निघाली. एकेक ठिपका म्हणजे आवाजाची एकेक नोंद. माणसाच्या कानाला साधारण 20,000 हर्ट्‌झपर्यंतचं, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांपर्यंतचं, ऐकू येतं आणि एखादी कंपनसंख्या नीट टिपायला सेकंदाला तिच्या दुपटीहून जास्त नोंदी लागतात. म्हणून 1982 साली बाजारात आलेल्या सीडीवर सेकंदाला 44,100 नोंदी असत. माझ्या रेकॉर्डरचाही तोच आकडा. मधली आडवी रेघ म्हणजे स्पीकरचा पडदा जागच्या जागी. ठिपका वर म्हणजे पडदा पुढे, खाली म्हणजे मागे. माझ्या जोडावर एक ठिपका बराच वर आणि लगेचचा खाली होता. म्हणजे पडद्याला मी सेकंदाच्या 44,100 व्या भागात पुढून मागे उडी मारायला सांगत होतो. अशा उभ्या उडीत खर्जापासून टिपेपर्यंत सगळ्या कंपनसंख्या एकदम येतात, हे फ्रेंच गणिती फूरियेचं गणित. गाण्यात नसलेला आवाज त्या उडीतूनच जन्मला होता.

पहिला उपाय ऑडॅसिटीत एका कळीवर आहे. झेड दाबलं की निवडीच्या कडा जवळच्या शून्यावर, म्हणजे लहर आडवी रेघ ओलांडते तिथं, सरकतात. बराच फरक पडला, पण पुरता नाही. एक लहर शून्यावरून वर चढत असेल आणि दुसरी खाली उतरत असेल, तर उडी टळते, कोपरा राहतो. त्यात रेकॉर्डिंग स्टिरिओ. डावा-उजवा एकाच क्षणी शून्यावर असतील असं नाही.

खरं उत्तर टेपच्या जमान्यातल्या लोकांना हातानं ठाऊक होतं. ते चुंबकीय फीत ब्लेडनं कापून चिकटपट्टीनं जोडत, आणि काप सरळ नाही, 45 अंशांत तिरका घेत. पाव इंची फीत सेकंदाला 15 इंच धावत असेल, तर तिरक्या कापावरून जायला तिला सेकंदाचा साठावा भाग, सुमारे 17 मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात जुना आवाज ओसरतो, नवा चढतो. (ब्लेड चुंबकीय झालं असेल तर तेही फितीवर टक् उमटवी, ती वेगळीच डोकेदुखी.) मेनूतला ‘क्रॉसफेड’ म्हणजे हाच तिरका काप, हे कळलं आणि ते अनोळखी सॉफ्टवेअर जरा ओळखीचं झालं.

त्यातही एक खोच आहे. मध्यावर दोन्ही आवाज सरळ अर्धे-अर्धे केले तर जोड किंचित दबतो. ध्वनीची शक्ती लहरीच्या उंचीच्या वर्गावर ठरते. अर्ध्याचा वर्ग पाव, आणि दोन पाव मिळून अर्धंच. म्हणून वेगवेगळे आवाज जोडताना दोघांना मध्यावर 0.7 च्या आसपास ठेवतात.

एका जागी खोकला होता, तो मी पुसून सरळ शांतता भरली. ऐकतो तर पत्र्यावरचा पाऊस अर्धा सेकंद थांबला आणि पुन्हा सुरू झाला! आरतीभर कुणाचं लक्ष नसलेला पाऊस नाहीसा होताच दचकायला झालं. शेवटी दुसरीकडचा पाऊस कापून तिथं चिकटवला.

फोनच्या जागेसाठी घुमटच कामाला आलं. मातीच्या भांड्याच्या मोठ्या तोंडावर कातडं (पूर्वी घोरपडीचं, आता बकरीचं), छोटं तोंड उघडं. त्यावर तळहात झाकत-उघडत वाजवणारा नाद वळवतो. त्याची थाप एकदम उसळते, आणि मोठा आवाज आपल्या नंतरचेच नव्हे, आधीचेही काही मिलिसेकंद झाकून टाकतो. मी थापेच्या किंचित अलीकडे कापलं, छोटा क्रॉसफेड दिला. हेडफोन लावून दहा वेळा ऐकलं. जोड सापडेना.

संध्याकाळी शेजारचे काका आले, आमच्या मेळातले जुने घुमटवाले. त्यांना मोठ्या ऐटीत ऐकवलं. ते मांडीवर ताल धरून ऐकत होते. नेमक्या त्या जागी हात हवेत थांबला.

“बाबा, हांगाची एक थाप खंय गेली रे?”

मी ‘अनडू’ दाबलं, आणि या वेळी घड्याळाकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघत समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून, पुढच्या समेपर्यंत कापलं.