पहिला गेमिंग कॉम्प्युटर जोडताय? ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हे वाचा

फोंड्यातल्या आमच्या दुकानात येणाऱ्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो : "कार्ड किती जीबीचे आहे?" त्यावर आम्ही विचारतो, मॉनिटर कोणता घेणार आहात?

पडद्यावरचा एकेक पिक्सेल (म्हणजे चित्राचा बारीक ठिपका) दर सेकंदाला अनेक वेळा रंगवायचा, हे कार्डाचे काम. फुल एचडी म्हणजे 1920 × 1080 च्या पडद्यावर सुमारे 20.7 लाख पिक्सेल असतात, 1440पी म्हणजे 2560 × 1440 वर सुमारे 36.9 लाख, आणि फोर-के वर जवळपास 83 लाख. म्हणजे मॉनिटर फोर-के घेतला की त्याच कार्डावर चौपट बोजा पडला. उलट, मॉनिटर 60 हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला 60 चित्रेच दाखवणार. कार्ड 140 काढत असले तरी जास्तीची तुमच्या डोळ्यांपर्यंत येत नाहीत. पहिल्या कॉम्प्युटरसाठी 144 हर्ट्झच्या आसपासचा फुल एचडी मॉनिटर घ्यावा आणि कार्ड त्याला साजेसे निवडावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता जीबीबद्दल, म्हणजे कार्डावरच्या मेमरीबद्दल. नुसत्या जीबीवर कार्डाची ताकद कळत नाही. जीटी 730 हे 2014 चे कार्ड 4 जीबीमध्येही मिळते, पण त्याची चिप आजच्या गेमसाठी फारच दुबळी आहे. एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डेही विकली जातात. आरटीएक्स 3060 हे 12 जीबीचेही आहे आणि 8 जीबीचेही. 8 जीबीच्या कार्डात मेमरीचा मार्ग 192 ऐवजी 128 बिटचा, म्हणजे अरुंद असल्याने ते हळू चालते. आरटीएक्स 5060 टीआय 8 आणि 16 जीबीमध्ये येते. म्हणून भाव विचारताना पूर्ण नाव विचारा. वॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक किंवा फुटबॉलचे गेम फुल एचडीवर खेळायचे असतील, तर चांगल्या चिपचे 8 जीबी कार्ड पुरते. मोठे, नवे, कथाप्रधान गेम जास्त डिटेलवर खेळायचे असतील, तर 12 किंवा 16 जीबीसाठी थोडे थांबून पैसे साठवा.

जुने कार्ड स्वस्तात मिळते. पण सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डांवर सतत गणिते चालवून नाणी मिळवणे) बंद होईपर्यंत हजारो कार्डे रात्रंदिवस चालत होती, आणि तीच पुढे जुन्या बाजारात आली. अशा कार्डाचे पंखे हाताने फिरवून पाहा, आणि समोर अर्धा तास गेम चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर) नवे कार्ड लावू नका. ही आमची कळकळीची विनंती आहे. आरटीएक्स 4060 ला 115 वॉट लागतात, 3060 ला 170, तर 5060 टीआयला 180. यांतल्या कोणत्याही कार्डाला नावाजलेल्या कंपनीचा 550 वॉटचा एसएमपीएस पुरतो. दुसऱ्या एसएमपीएसची मॉड्युलर (काढता-घालता येणारी) केबल मात्र वापरू नका : प्लग बसला तरी आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि कार्ड जळू शकते.

गोव्यात राहणाऱ्यांनी हवेचाही विचार करायला हवा. मिरामार, कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या घरांत खारी हवा पोर्टच्या धातूवर आणि हीटसिंकच्या (कार्डाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) पात्यांवर बसते. पावसाळ्यात दमट धूळ तिथेच थर धरते, मग पंखा जोरात फिरूनही कार्ड गरमच. समुद्राकडच्या खिडकीखाली कॅबिनेट ठेवू नका, आणि जून ते सप्टेंबरमध्ये गेम खेळायचा नसला तरी आठवड्यातून एकदा कॉम्प्युटर तासभर चालू ठेवा. मे आणि ऑक्टोबरमध्ये गडगडायला लागले की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा, इंटरनेटची तांब्याची केबलही काढा.

लाइट गेल्यावर बॅटरीवर कॉम्प्युटर चालवणारा यूपीएस घेताना व्हीए (व्होल्ट-अँपिअर) नव्हे, वॉट बघा. 600 व्हीएचा साधा यूपीएस साधारण 360 वॉटपर्यंतच भार घेतो. ऐन गेममध्ये लाइट गेली आणि भार त्यापेक्षा जास्त असला, तर तोही लगेच बंद पडतो. घरात अर्थिंग नीट आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून आधीच तपासून घ्या.

घरी जोडताना कार्ड स्लॉटमध्ये सरळ दाबा, टोकाची खिट्टी 'टक्' करून बसली पाहिजे. कार्डाचा विजेचा प्लग 6 आणि 2 पिनांचे दोन तुकडे जोडून होतो. प्रोसेसरचा 8 पिनांचा प्लग तसाच दिसतो, पण तो इथला नाही. सहज बसत नसेल तर जोर लावू नका. मॉनिटरची केबल मदरबोर्डला (आतल्या मुख्य बोर्डला) नव्हे, कार्डाला लावा. आय5-12400एफ सारख्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसल्याने मदरबोर्डच्या पोर्टमधून चित्रच येत नाही, आणि रायझन 5 5600जी मध्ये ते असल्याने चित्र येते पण गेम अडखळतो. मग लोक चांगले कार्ड परत घेऊन येतात!

बिलावर कार्डाचा सीरियल नंबर छापून घ्या आणि डबा सांभाळून ठेवा, वॉरंटीच्या वेळी दोन्ही लागू शकतात. दुकानात येताना कॅबिनेट उघडून आतला फोटो आणि एसएमपीएसवरच्या लेबलचा फोटो मोबाइलवर आणलात, तर कार्ड आत मावेल की नाही आणि एसएमपीएस पुरेल की नाही, ते आम्ही विकण्याआधीच सांगू.