लेगालची मात

बुद्धिबळातला जुना सापळा, क्लबात अजूनही कुणी ना कुणी यात सापडतंच. पांढरा वजीर देऊन टाकतो आणि एक उंट नि दोन घोड्यांनी मात करतो. नाव पडलं फ्रान्सच्या लेगालवरून (१७०२–१७९२), हा त्या काळच्या नामवंत बुद्धिबळपटू फिलिडोरचा गुरू, पॅरिसच्या काफे द ला रेजान्स या बुद्धिबळपटूंच्या अड्ड्यावर खेळायचा, आणि १७५०च्या सुमारास सँ ब्री नावाच्या खेळाडूला त्याने असं हरवलं असं सांगतात.

चाली अशा (आधी पांढऱ्याची, मग काळ्याची; नुसतं घर लिहिलंय तिथे प्यादं): ई४ ई५, घोडा एफ३ डी६, उंट सी४ उंट जी४, घोडा सी३ जी६. आता काळा निवांत असतो, एफ३चा घोडा पिनमध्ये आहे, हलला तर मागचा वजीर गेला, आणि पांढरा नेमका तोच घोडा उचलून ई५चं प्यादं मारतो. काळ्याने वजीर खाल्ला की उंट एफ७ला मारून शह, राजाला ई७ सोडून घर नाही, मग दुसरा घोडा डी५ आणि मात. शेवटची पोझिशन एकदा पटावर मांडून बघाच! एफ७चा उंट ई६ आणि ई८ धरतो, त्याला ई५च्या घोड्याचा जोर, म्हणजे पाठबळ, आहे आणि तोच घोडा डी७ पण सांभाळतो, एफ६ डी५च्या घोड्याकडे, राहिलेल्या घरांत काळ्याचेच मोहरे अडून बसलेत.

पण माझ्या मते खरी गंमत मात होण्यात नाहीये, काळ्याने वजीर नाही खाल्ला तर काय, यात आहे. समजा त्याने डी प्याद्याने घोडा मारला, तर वजीर जी४चा उंट उचलतो, घोड्याला उंट आणि वर एक प्यादं. म्हणजे समोरचा फसला नाही तरी पांढऱ्याचंच बरं, म्हणूनच हा चांगला सापळा. समोरचा चुकेल एवढ्याच आशेवर मोहरा सोडणं हे वेगळं, ते कॅल्क्युलेशन नव्हे.

आणि हिशोब एका घराने बिघडतो. काळ्याचा घोडा एफ६वर असेल तर डी५चा घोडा तो मारतो, मात राहत नाही. घोडा सी६वर असेल तर तो वजिराकडे बघतही नाही, सरळ ई५चा घोडा मारतो, तिथून जी४च्या उंटालाही जोर मिळतो आणि पांढऱ्याचा एक मोहरा गेलाच. नवीन पोरं पाठ केलेल्या चाली इथेही खेळतात आणि मग डोकं धरून बसतात. पण त्याआधी पांढऱ्याने एच३ खेळून काळ्याचा उंट एच५ला गेला असेल तर पुन्हा जमतं, कारण तिथे ई५ला आलेल्या काळ्या घोड्याचा जोर पोचत नाही: वजीर एच५चा उंट मारतो, घोडा सी४चा उंट मारतो, मग वजीर बी५ शह, पुढच्या चालीला तो घोडा मिळतो आणि पांढरा एका प्याद्याने वर राहतो.